हजार मीटर आणि तीस सेकंद

रक्तदाबाच्या तपासणीसाठी दर महिन्याला माझ्या ओपीडीत येणारे एक गृहस्थ आहेत. डोंबिवलीला राहतात, लोकलचे मोटरमन म्हणून निवृत्त झाले. परवा पट्टा सोडत असताना त्यांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडे निदान रूळ तरी असायचे. गाडी चुकून शेजारच्या लायनीत जाणार नाही, हे लोखंडच बघायचे. पण आकाशात रूळ नाहीत. रात्री गच्चीवर उभा राहिलो की दक्षिणेकडे दिव्यांची माळ दिसते, एकामागे एक. आता नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले. पुढे तिथे शेजारीशेजारी दोन धावपट्ट्या होणार म्हणतात. मग ही विमाने एकमेकांत शिरत कशी नाहीत?" त्यांची मुलगी दुबईला असते. प्रश्नामागचे खरे कारण ते होते.

बाहेर रांग होती, म्हणून त्या दिवशी मी चार वाक्यांत उत्तर दिले. पण प्रश्न मनात राहिला. विमानातले मला प्रवाशाइतकेच कळते, असे आधी वाटत होते. वाचत गेलो तसे लक्षात आले, की हा विषय अर्धा यंत्रांचा असला तरी उरलेला अर्धा झोप, लक्ष, थकवा आणि डावे-उजवे यांचा आहे. त्या अर्ध्यात सरकारी रुग्णालयात तीस वर्षे रात्रपाळ्या केलेल्या डॉक्टरला थोडे बोलता येईल.

दोन विमानतळ, एक आकाश

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने काम करता येत नाही. दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा प्रत्यक्षात एका वेळी एकाच पट्टीवर चालते. ८ जून २०२४ रोजी या विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवर एक विमान चाके टेकवत होते आणि त्याच क्षणी, त्याच पट्टीवर पुढे, दुसरे विमान जमीन सोडत होते. कोणाला खरचटलेही नाही. पण ती चित्रफीत ज्यांनी पाहिली त्यांना दाटीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी लावली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवले.

ही दाटी कमी व्हावी म्हणून नवी मुंबईचे विमानतळ आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. आज तिथे ३,७०० मीटर लांबीची एक धावपट्टी आहे. आराखड्यात दुसरी आहे, पहिलीला समांतर, १,५५० मीटर अंतरावर. म्हणजे साधारण डोंबिवली ते ठाकुर्ली. शिवाय मुंबईची मुख्य धावपट्टी आणि नवी मुंबईची धावपट्टी या दोन्ही पूर्व-पश्चिम पसरलेल्या, जवळपास समांतर आहेत. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि पनवेल यांच्या आसपासच्या आकाशातच दोन्हीकडच्या विमानांना वाटा काढाव्या लागतात. मोटरमन काकांच्या गच्चीवरून दिसणाऱ्या माळा वाढणार आहेत, यात शंका नाही.

अंतराचा नियम आणि त्याला दिलेली सूट

रडारच्या देखरेखीखाली विमानतळाजवळ आलेल्या दोन विमानांमध्ये साधारणपणे आडवे तीन सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर, किंवा उभे एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर अंतर हवे. दोन्हींपैकी एक तरी असलेच पाहिजे. साडेपाच किलोमीटर म्हणजे डोंबिवली स्टेशन ते कल्याण स्टेशन.

आता गंमत पाहा. समांतर धावपट्ट्यांमध्ये अंतर दीड किलोमीटरचे. दोन्हींवर एकाच वेळी, शेजारीशेजारी विमाने उतरायची, तर साडेपाच किलोमीटरचा नियम मोडणारच. मग परवानगी मिळते कशी? डॉक्टरी भाषेत सांगायचे तर हे जास्त मात्रेचे औषध आहे. देता येते, पण रुग्णावर सतत नजर ठेवण्याच्या अटीवर.

अटी अशा. प्रत्येक धावपट्टीकडून एक रेडिओकिरण आकाशात सोडलेला असतो. विमानाने तो पकडला की त्याला आपल्या पट्टीची मधली रेषा सापडते. मोटरमन काकांना मी सांगितले, तुमचे रूळ ते हेच, फक्त न दिसणारे. पण किरण पकडायला वळताना विमान पुढे निघून जाऊन शेजारच्या रेषेकडे सरकू शकते. म्हणून दोन्ही विमाने आपापल्या किरणावर स्थिर होईपर्यंत त्यांना हजार फुटांच्या फरकाने वरखाली ठेवतात. दोघेही स्थिरावल्यावरच तो फरक सुटतो. दोन रेषांच्या मधोमध किमान ६१० मीटर रुंदीचा एक निषिद्ध पट्टा आखलेला असतो. जमिनीवर तो कुठेच दिसत नाही, फक्त नियंत्रकाच्या पडद्यावर असतो. त्यात कोणीही शिरायचे नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट म्हणजे प्रत्येक रेषेवर नजर ठेवायला वेगळा नियंत्रक. त्याला दुसरे काही काम नाही. विमान रेषेवर आहे ना, एवढेच पाहायचे आणि वेळ आली तर बाकी सगळ्यांचे बोलणे तोडून वैमानिकाशी थेट बोलायचे.

आंतरराष्ट्रीय नियमांत १,५२५ मीटर, म्हणजे पाच हजार फूट, हा बऱ्याच काळापासूनचा टप्पा आहे. तेवढ्या अंतरावर नेहमीचे चांगले रडार चालते. त्याहून जवळ, १,०३५ मीटरपर्यंत येता येते, पण त्यासाठी अधिक अचूक आणि अधिक वेगाने चित्र बदलणारी यंत्रणा लागते. नवी मुंबईचे १,५५० मीटर त्या जुन्या टप्प्याच्या जेमतेम पलीकडे आहेत. हा योगायोग नसावा.

आता या मीटरांचे सेकंद करून पाहू. उतरणाऱ्या जेट विमानाचा वेग ताशी २६० किलोमीटर धरला, तर ते सेकंदाला साधारण ७२ मीटर कापते. समजा, ते आपली रेषा सोडून तीस अंशांनी शेजाऱ्याकडे वळले. आडव्या दिशेने ते सेकंदाला ३६ मीटर सरकेल. १,५५० मधून मधला ६१० मीटरचा पट्टा वजा केला, तर दोन्ही बाजूंना ४७० मीटर उरतात. ते तेरा सेकंदांत संपतील. निषिद्ध पट्ट्यात पाऊल टाकल्यापासून शेजारच्या विमानाच्या रेषेपर्यंत १,०८० मीटर. वेळ, तीस सेकंद.

त्या तीस सेकंदांत काय काय व्हायचे असते? फिरत्या रडारचे चित्र चार-पाच सेकंदांनी बदलते. नियंत्रकाला विचलन दिसायला हवे. ते खरे आहे, याची खात्री पटायला हवी. त्याने बोलायला हवे. वैमानिकाने ऐकून, समजून, विमान वळवायला हवे आणि अवजड विमानाने ते मानायला हवे. प्रत्येक पायरीला चार-पाच सेकंद धरले तरी वीसेक सेकंद गेले. उरतात दहा.

यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. धोका दिसला, की नियंत्रक भरकटलेल्या विमानाला परत बोलावतोच, पण तो परत येईल यावर विसंबत नाही. जे विमान अगदी बरोबर आपल्या रेषेवर चालले आहे, त्याला तो सांगतो, ताबडतोब वळ आणि वर चढ. ज्याची चूक नाही, त्याला हलवायचे. कारण जो भरकटला आहे, त्याचे कान, यंत्रे किंवा भान यांपैकी काहीतरी आधीच बिघडलेले असण्याची शक्यता असते. चूक कोणाची, हे नंतर ठरवता येते. आमच्या वॉर्डात चूक झाली, की पहिला प्रश्न "कोणी केले?" हा असतो. रुग्ण त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत वाट पाहत नाही.

डावी की उजवी?

समांतर धावपट्ट्यांचा क्रमांक एकच असतो, कारण त्यांची दिशा एकच असते. फरक दाखवायला पुढे "डावी" आणि "उजवी" लावतात. चार समांतर पट्ट्या झाल्या, तर गोंधळ टाळण्यासाठी त्यांतल्या दोघींचा क्रमांक मुद्दाम एकाने बदलतात. लॉस एंजेलिसला तसेच केले आहे. दिशा एकच, तरी दोन पट्ट्या २४ आणि दोन २५.

डावे-उजवे चुकणे ही बावळटपणाची खूण नाही. मेंदूला वर-खाली जितके सहज कळते, तितके डावे-उजवे कळत नाही. शल्यचिकित्सेत चुकीच्या बाजूचा गुडघा किंवा डोळा उघडला जाण्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, आणि त्या करणारे निष्णात होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी आणली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि रुग्ण टेबलावरून हलवण्यापूर्वी असे तीनदा थांबायचे. नाव, जागा आणि बाजू मोठ्याने म्हणायची. ही सवय आम्ही बऱ्याच अंशी विमानवाल्यांकडूनच उचलली.

वैमानिक नियंत्रकाचा आदेश "हो" म्हणून सोडून देत नाही. तो आदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो आणि नियंत्रकाने तो लक्ष देऊन ऐकायचा असतो. मोटरमन काकांना हे लगेच पटले. "गार्डाने घंटी दिली, की तीच घंटी आम्ही परत द्यायचो. त्याशिवाय गाडी हलायची नाही."

या साध्या रीतीची किंमत मला निवासी डॉक्टर असताना कळली. एका रुग्णालयात रात्री तीनला मी फोनवरून एका रुग्णाला पोटॅशियम लावायला सांगितले. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच आडनावाचे दोघे होते. एकाला ते हवे होते. दुसऱ्याच्या किडन्या बंद पडत आल्या होत्या, त्याच्या जिवावर बेतले असते. मी फक्त आडनाव सांगितले होते. सिस्टर फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "सर, खाट अकरा ना?" मला खाट बारा म्हणायचे होते. त्या एका प्रश्नाने दोन माणसे वाचली. एक खाटेवरची आणि एक फोनवरची.

मुंबईच्या आकाशात असा गोंधळ खरोखर झालेला आहे. सांताक्रूझच्या पश्चिमेला, काही किलोमीटरवर, जुहूचे जुने विमानतळ आहे. जे. आर. डी. टाटा १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथे. जुहूची पट्टी सांताक्रूझच्या मुख्य पट्टीला जवळपास समांतर आहे, फक्त बरीच आखूड. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले. पुढे ते रिकामे करून तिथून उडवून न्यावे लागले. तरी १९ वर्षांनी, २४ सप्टेंबर १९७२ रोजी, जपान एअरलाइन्सचे डीसी-८ पुन्हा जुहूवरच उतरले. एवढ्या विमानाला ती पट्टी कशी पुरणार? ते पट्टी संपवून पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दोन्ही वेळी वैमानिक अनुभवी होते. त्यांना समोर एक धावपट्टी अपेक्षित होती, अपेक्षित दिशेला एक धावपट्टी दिसली आणि मेंदूने उरलेले गाळलेले शब्द स्वतःच भरले. निदानातही हेच होते. तापाच्या साथीत शंभर जणांना डेंग्यू निघाला, की एकशे एकाव्याचा मलेरिया डोळ्यासमोर असून दिसत नाही.

पडद्यासमोरचा माणूस

आता त्या नियंत्रकाकडे वळू, ज्याचे काम फक्त पाहणे आहे. हे काम सोपे वाटते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते अत्यंत अवघड आहे.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर शत्रूच्या पाणबुड्या शोधणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का सुटतात, हा प्रश्न ब्रिटिश हवाई दलाला पडला होता. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक घड्याळ बनवले. एक काटा टकटक पुढे सरकतो आणि क्वचित एकदम दोन घरे उडी मारतो. ती उडी दिसली की बटण दाबायचे. दोन तास. १९४८ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या नजरेतून उड्या सुटू लागल्या. ही माणसे निरोगी, तरुण आणि मन लावून काम करणारी होती. काही घडत नसताना पाहत राहणे, हे मेंदूला दमवते. म्हणूनच ब्रिटनमध्ये नियंत्रकांसाठी नियम आहे, की दोन तासांच्या कामाला निदान अर्धा तास विश्रांती.

त्यात रात्र मिळवा. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीराचे तापमान आणि सावधपणा दिवसातल्या सर्वांत खालच्या पातळीवर असतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की सलग सतरा तास जागे असलेल्या माणसाची हाता-डोळ्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते. आपल्याकडे वाहन चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सातला उठून रात्री बारालाही जागा असलेला माणूस न पिताच मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, एवढाच फरक. अति थकलेला मेंदू डोळे उघडे असतानाही दोन-चार सेकंद झोपून घेतो आणि त्या माणसाला ते कळतही नाही. आपल्या हिशेबातल्या शेवटच्या दहा सेकंदांतले हे चार.

यंत्रे मदतीला आहेत, हे खरे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे मालवाहू धाटणीचे इल्युशिन विमान यांची टक्कर झाली. दिल्लीहून निघालेल्या विमानाला १४ हजार फुटांपर्यंत चढायचे होते, दिल्लीला येणाऱ्याला १५ हजारांवर थांबायचे होते. ते थांबले नाही. ३४९ जण गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी तेव्हा एकच मार्ग होता आणि समोरच्या विमानाची सूचना देणारे यंत्र सक्तीचे नव्हते. त्यानंतर मार्ग वेगळे झाले आणि विमाने आपसांत बोलून वैमानिकाला "चढ" किंवा "उतर" सांगणारी टक्करविरोधी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. मात्र ही यंत्रणा जमिनीपासून साधारण हजार फुटांखाली असे सल्ले देणे बंद करते, कारण तिथे तिचा सल्लाच घातक ठरू शकतो. उतरण्याचा शेवटचा टप्पा पुन्हा माणसांच्या भरवशावर असतो.

आणि यंत्र असूनही काय होते, ते १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनजवळ दिसले. झुरिकच्या नियंत्रण केंद्रात एकटा नियंत्रक दोन टेबले सांभाळत होता. जोडीदार विश्रांतीला गेला होता, तशी तिथली प्रथाच होती. मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद, धोक्याची दृश्य सूचनाही बंद. दुसऱ्या टेबलावरच्या विमानाकडे तो वळलेला असताना दोन विमाने एकाच उंचीवर जवळ आली. त्याने एकाला उतरायला सांगितले, त्याच विमानातले यंत्र "चढ" म्हणत होते. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. शेजारच्या विमानाला त्याच्या यंत्राने उतरायला सांगितलेच होते. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. दीड वर्षाने त्या नियंत्रकाचाही, कुटुंब गमावलेल्या एका बापाने, खून केला.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा तो नियंत्रक मला अनोळखी वाटला नाही. रात्री दोन वॉर्ड सांभाळणारी एकटी सिस्टर, अतिदक्षता विभागात एकाच वेळी वाजणारे चार मॉनिटर, बंद पडलेला इंटरकॉम, हे सगळे मी पाहिले आहे. अशा रात्री बहुतेक वेळा काही होत नाही. आणि काही होत नाही, म्हणून तीच व्यवस्था पुढच्या रात्रीही चालू राहते.

खुर्ची रिकामी असेल तर

डिसेंबर २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची शेकडो उड्डाणे रोज रद्द होत होती, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या तोंडी आली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा. पुरेशी माणसे नव्हती, वेळापत्रक कोसळले, प्रवासी विमानतळांवर झोपले आणि शेवटी त्या कंपनीला नियमांतून तात्पुरती सवलत द्यावी लागली. प्रवाशांचा राग समजू शकतो. पण वैद्यकाच्या नजरेने पाहिले तर त्या आठवड्यात गणिताची वजाबाकी विश्रांतीतून झाली, विमानांतून नाही.

नवी मुंबईची दुसरी धावपट्टी होईल तेव्हा तासाला किती विमाने, वर्षाला किती प्रवासी, हे आकडे ठळक छापून येतील. त्यासोबत आपण तीन साधे प्रश्न विचारायला हवेत. दोन्ही रेषांवर नजर ठेवणाऱ्या खुर्च्यांत चोवीस तास वेगवेगळी माणसे बसणार आहेत का? ती सलग किती वेळ बसतील, आणि पहाटे तीनला त्यांना उठवून बसायला दुसरे कोणी आहे का? त्यांच्यावर त्याच वेळी आणखी एखादे टेबल सोपवले जाणार नाही, हे कागदावर लिहिले आहे का?

यातला दिलासा असा, की खुर्ची रिकामी राहिली तरी विमाने थांबवावी लागत नाहीत. नियमातच दुसरा मार्ग आहे. दोन्ही पट्ट्यांवरची विमाने शेजारीशेजारी न आणता पुढेमागे, तिरक्या अंतराने आणायची. शेजारच्या रेषेवरचे विमान किमान दोन सागरी मैल, म्हणजे पावणेचार किलोमीटर, पुढे किंवा मागे राहते. मग कोणी भरकटले, तरी शेजारी त्या जागी नसतो. तासाला काही विमाने कमी उतरतात, थोडा उशीर होतो, बाकी काही नाही.

हा मार्ग वापरण्याची हिंमत व्यवस्थेत हवी. सरकारी रुग्णालयाला ती मुभा नाही. माझ्याकडे खाटा भरल्या तरी दारात आलेल्याला परत पाठवता येत नाही. मग जमिनीवर गादी घालतो आणि सिस्टरच्या वाट्याला आणखी एक माणूस येतो. आकाशाला मात्र "थोडे थांबा" म्हणता येते. ज्याला नाही म्हणता येते, त्याने गर्दीपुढे मान तुकवू नये.

गर्दी अंतर कसे खाते, हे ठाणे-कल्याणच्या माणसाला शिकवायला नको. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. दोन्ही आपापल्या रुळांवर होत्या, रुळांमधले अंतर होते तितकेच होते. पण दारांत लटकलेल्या माणसांनी ते भरून गेले होते. माणसे खाली पडली. त्यांतल्या चौघांना त्याच दिवशी मृत घोषित केले. नकाशावर अंतर शिल्लक होते, जागेवर उरले नव्हते.

पुढच्या महिन्यात मोटरमन काका आले, की मी त्यांना एवढेच सांगणार आहे. आकाशात रूळ आहेत, आणि चांगले आहेत. मुलीला निर्धास्त येऊ द्या. फक्त रुळांची राखण लोखंड करत नाही, तीस सेकंदांच्या आत बोलू शकणारा एक जागा माणूस करतो. तो जागा राहील, याची व्यवस्था आपण करायची असते. काका यावर काय म्हणतील, ते मला माहीत आहे. सदतीस वर्षे पहाटेच्या गाड्या चालवलेल्या माणसाला झोपेबद्दल डॉक्टरने काय सांगावे?